वणव्याचं उत्सर्जन काढायचं तर आधी पालापाचोळा मोजा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मार्च 2023 मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यात आणि त्याला लागून असलेल्या डोंगरांवर वणवे लागले होते. साट्रेच्या परिसरात पेटलेल्या आगी पसरत गेल्या आणि शेवटी पाणी ओतायला नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टर आणावी लागली. त्या वणव्यांतून हवेत किती उत्सर्जन झालं, याचा अंदाज तुम्हाला एम.एस्सी.च्या प्रकल्पात मांडायचा आहे. तुम्ही नासाच्या फर्म्स संकेतस्थळावरून व्हिअर्स उपग्रह-संवेदकाचे आगीचे ठिपके उतरवून घेतलेत. तुमच्या अभ्यासक्षेत्रात साठ ठिपके आले. प्रत्येक ठिपका 14 हेक्टरचा धरून 840 हेक्टर झाले. त्याला आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, तक्त्यातल्या उष्णकटिबंधीय जंगलाच्या हेक्टरी सुमारे 120 टनांनी गुणलंत आणि एक लाख टन जळालेलं जळण, म्हणजे जवळपास 1,60,000 टन कार्बन डायऑक्साइड, असं उत्तर आलं. आता तुम्ही विचारताय की हा आकडा बरोबर आहे का, उत्सर्जन गुणांक कुठला घ्यावा, आणि वाळपईत, म्हणजे सत्तरीच्या मुख्य गावात, किती धूर पोचला हे यावरून सांगता येईल का.

आकडा बरोबर नाही. माझ्या मते तो शंभर पटींनी किंवा त्याहूनही जास्त फुगलेला आहे. पण तुमचं सूत्र चुकलेलं नाही, म्हणून आधी सूत्राबद्दलच बोलतो. जळालेलं क्षेत्र, गुणिले हेक्टरी कोरडं जळण, गुणिले त्यातला प्रत्यक्ष जळालेला वाटा, गुणिले दर किलो जळणामागे बाहेर पडणारा वायू. सायलर आणि क्रुट्झन या शास्त्रज्ञांनी 1980 मध्ये हे मांडलं आणि आजही बहुतेक सगळे अंदाज याच चार पायऱ्यांवर उभे असतात. गंमत म्हणजे प्रकल्प करणारी मुलं चौथ्या पायरीवर, म्हणजे गुणांकावर, सगळ्यात जास्त वेळ घालवतात. खरा गोंधळ पहिल्या दोन पायऱ्यांवर होतो, आणि आपल्या गोव्यातल्या जंगलांत तर फारच.

क्षेत्रापासून सुरुवात करू. व्हिअर्सचा एक ठिपका म्हणजे साधारण 375 मीटर बाजूचा चौकोन. त्याचं क्षेत्रफळ 14 हेक्टर होतं हे खरं, पण ठिपक्याचा अर्थ एवढाच की त्या चौकोनात कुठेतरी, उपग्रह वरून गेला त्या क्षणी, पुरेशी तापलेली जागा होती. ती जागा अर्धा हेक्टर असू शकते किंवा पूर्ण चौदा. शिवाय हाच संवेदक सुओमी एनपीपी आणि नोआ-20 अशा एकाहून अधिक उपग्रहांवर आहे आणि प्रत्येक उपग्रह दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास वरून जातो. दोन दिवस धुमसणारी एकच आग त्यामुळे सात-आठ ठिपके सहज देते. तुमच्या साठ ठिपक्यांत अशी पुनरावृत्ती किती आहे ते आधी तारीख, वेळ आणि उपग्रहाचं नाव लावून तपासा. उलट बाजूही लक्षात घ्या. संध्याकाळी पाचला लागून रात्री दहाला विझलेली आग कुठल्याच फेरीत सापडत नाही. दाट झाडोऱ्याखाली सरपटणारी बारीक आगसुद्धा वरून दिसेलच असं नाही. थोडक्यात, ठिपके आग कुठे आणि कधी लागली हे सांगायला उत्तम आहेत, क्षेत्र मोजायला नाहीत.

क्षेत्रासाठी सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं घ्या. ती 10 ते 20 मीटरपर्यंत बारकाईने दिसतात, दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा टिपतात आणि मार्चमध्ये आपल्याकडे आकाश बहुधा मोकळं असतं. आगीआधीचं आणि आगीनंतरचं चित्र घेऊन एनबीआर हा निर्देशांक काढायचा. जवळच्या अवरक्त पट्ट्यातून लघुलहरी अवरक्त पट्टा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. आधीच्या एनबीआरमधून नंतरचा वजा केला की जळालेली जमीन उठून दिसते.

यात गोव्यापुरती एक मोठी मेख आहे. किंदळ, माट्टी यांची आपली पानगळीची जंगलं नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्येच पानं टाकतात. पान गळलं की अवरक्त परावर्तन उतरतं आणि आग न लागताही एनबीआर घसरतो. त्यात अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सूचिपर्णी जंगलांसाठी ठरवलेले उंबरठे, म्हणजे किती घसरण झाली की जमीन जळाली म्हणायची त्या मर्यादा, कोणी जसेच्या तसे लावले, तर अर्धा डोंगर जळाला असं नकाशा दाखवतो. याच्या उलट सड्यावरचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरचं, गवत डिसेंबर-जानेवारीतच वाळून पिवळं झालेलं असतं. ते जळलं तरी निर्देशांकात म्हणावा तसा फरक दिसत नाही. म्हणून मी नेहमी असं करतो: जळालेल्या पट्ट्याशेजारी त्याच उताराचा, त्याच प्रकारच्या जंगलाचा, खात्रीने न जळालेला पट्टा निवडायचा, त्यात त्याच दोन तारखांमध्ये निर्देशांक किती घसरला ते पाहायचं आणि तेवढी घसरण पानगळीची म्हणून वजा करायची. पानगळ, अर्धपर्णी, सदाहरित, काजू बागायत आणि सडा या प्रत्येकासाठी उंबरठा वेगळा काढावा लागतो. काम किचकट आहे, पण याला पर्याय नाही. आणि आगीनंतरचं चित्र शक्य तितकं लवकरचं घ्या. राख वाऱ्याने उडते, नवी पालवी फुटते, आणि एखादी अवकाळी सर आली की सगळा पुरावा धुऊन जातो.

तुम्ही मोडिस या दुसऱ्या उपग्रह-संवेदकाच्या 500 मीटरच्या जळीत-क्षेत्र नकाशाबद्दलही विचारलंय. त्याचा एकेक चौकोन वीस हेक्टरहून मोठा पडतो. आपल्याकडचे वणवे नाल्याशी, पायवाटेशी, कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) ओल्या कडेशी थांबणारे, तुकड्या-तुकड्यांचे असतात. त्यातले कितीतरी त्या जाळीतून निसटतात.

आता दुसरी पायरी, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची. आयपीसीसीच्या 2006 च्या मार्गदर्शिकेत प्राथमिक उष्णकटिबंधीय जंगलासाठी हेक्टरी सुमारे 120 टन जळण जळतं असं दिलंय, हे खरं. पण ती आकडेवारी मुख्यतः जंगल तोडून, झाडं आडवी पाडून, वाळवून मग पेटवलेल्या जमिनीची आहे. म्हादईत असं झालं नव्हतं. आपल्याकडची आग जमिनीवरून सरकते. ती पालापाचोळा खाते, वाळलेलं गवत, रानमोडीची झुडपं, लहान रोपटी, पडलेल्या फांद्या खाते. उभी मोठी झाडं होरपळतात, काही नंतर मरतातही, पण त्या आगीत त्यांचं लाकूड जळत नाही. जळालेल्या पट्ट्यात जाऊन खोडांकडे पाहा. काजळी बहुतेक ठिकाणी गुडघ्यापर्यंत, फार तर कमरेपर्यंत चढलेली दिसेल, चढाच्या बाजूला थोडी जास्त. शेंड्याची पानं करपलेली असली तरी फांद्यांवर असतात. अशा जागी हेक्टरी 120 टन लाकूड जळालं हे शक्यच नाही.

मग तिथे जळतं किती? ते मोजूनच काढावं लागतं, आणि त्याला महागडं काही लागत नाही. सुतळी आणि चार खुंट्या घेऊन एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा. चौकोनाच्या कडेने कोयत्याने पाचोळा कापून घ्या, नाहीतर बाहेरची पानं ओढली जाऊन वजन वाढतं. आतलं सगळं थरांनुसार वेगळ्या पिशव्यांत भरा: वरची सुटी कोरडी पानं, त्याखालचा अर्धवट कुजलेला ओलसर थर, आणि काटक्या. जागेवर ताण-काट्याने वजन करा, मग थोडा नमुना प्रयोगशाळेत नेऊन ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. कारण सूत्रात कोरडं वजन लागतं आणि मार्चमध्येसुद्धा खालच्या थरात ओल असते. हिशोबाला एक सोपी गोष्ट आहे, दर चौरस मीटरला जितके ग्रॅम भरतील त्याला 100 ने भागलं की हेक्टरी टन मिळतात. 600 ग्रॅम भरले तर हेक्टरी 6 टन. पश्चिम घाटातल्या पानगळीच्या जंगलांत वर्षाला साधारण पाच ते दहा टन पाचोळा पडतो आणि पावसाळ्यात त्यातला बराचसा कुजून जातो. म्हणजे जमिनीवर असतो तो मुख्यतः चालू हंगामाचाच. त्यामुळे महिनाही महत्त्वाचा ठरतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यात जेवढा पाचोळा खाली असेल त्याहून एप्रिलअखेर जास्त असणार.

2023 चा पाचोळा आता मोजता येणार नाही, हे उघड आहे. पण त्याच जंगलप्रकारात, त्याच महिन्यात, न जळालेल्या जागी मोजलेला आकडा त्याच्या अगदी जवळ जातो. जिथे अलीकडे आग लागलीय तिथे जळालेल्या आणि लगतच्या न जळालेल्या जागी जोडीजोडीने चौकोन घ्या. दोन वजनांतल्या फरकातून जळालेला वाटा, म्हणजे तिसरी पायरी, आपोआप मिळते. वरची सुटी पानं जवळपास पूर्ण जातात. खालचा ओला थर बऱ्याचदा शाबूत राहतो, विशेषतः नाल्याच्या कडेला आणि उत्तरेकडच्या उतारावर. आडवे पडलेले ओंडके चौकोनात सापडत नाहीत. त्यांच्यासाठी सरळ दोरी टाकून तिला छेदणाऱ्या लाकडांचे व्यास नोंदवायची वेगळी पद्धत आहे. ओंडके विसरू नका, कारण ते दोन-दोन, तीन-तीन दिवस धुमसतात आणि वजनाच्या मानाने धूर फार करतात. वाळलेल्या कोंड्याच्या (बांबूच्या) बेटांचंही तसंच. ती पेटली की ज्वाळा उंच जाते आणि त्या ठिकाणी पाचोळ्याचा आकडा लागू होत नाही.

काजू बागायतींचा हिशोब वेगळा ठेवा, असा माझा आग्रह आहे. बोंडू गोळा करायच्या आधी झाडांखालचं रान साफ करून ढीग पेटवायची जुनी सवय आहे आणि त्यातल्या काही आगी सुटून वर जंगलात जातात. पण ढिगातलं जळण आणि मोकळं पसरलेलं जळण सारखं जळत नाही. ढीग आतून कोंडून धुमसतो. तुमच्या नकाशात बागायत आणि जंगल वेगळं दाखवता आलं, तर प्रकल्पाचं मोल वाढेल. उद्या कोणी याचा वापर बागायतदारांशी बोलायला करणार असेल, तर त्याला हाच तक्ता लागेल.

आता आकडे घालून बघू. समजा ठिपक्यांची पुनरावृत्ती काढून आणि सेंटिनेलवर पडताळून तुमचं क्षेत्र 100 हेक्टर आलं. पाचोळा हेक्टरी 6 टन, त्यातला 0.8 जळाला. म्हणजे 480 टन कोरडं जळण. आयपीसीसीचा उष्णकटिबंधीय जंगलाचा गुणांक किलोमागे 1,580 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आहे, त्यातून साधारण 760 टन मिळतात. याच 100 हेक्टरला 120 टनांनी गुणलं असतं तर जळण 12,000 टन झालं असतं, म्हणजे 25 पट. क्षेत्रही आठपट फुगलेलं असेल तर दोन्ही मिळून दोनशे पट होतात.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. कार्बन डायऑक्साइडच्या गुणांकातली अनिश्चितता 1,580 ला अधिक-उणे 90 आहे, सहा टक्क्यांच्या आत. तिथे अडकून पडायचं कारण नाही. क्षेत्र 70 ते 100 हेक्टर, पाचोळा साडेचार ते सात टन, जळालेला वाटा 0.6 ते 0.9 एवढीच वाजवी मोकळीक ठेवली तरी जळण 189 ते 630 टनांमध्ये कुठेही येतं. ही तिपटीहून जास्त तफावत आहे. तुमची मेहनत तिथे लागली पाहिजे.

गुणांकाची निवड खरी महत्त्वाची ठरते ती कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि पीएम 2.5 या बारीक कणांसाठी. ज्वाळेने जळणारं जळण स्वच्छ जळतं आणि धुमसणारं घाण जळतं. आयपीसीसीच्या तक्त्यात सवाना-गवताळ रानासाठी किलोमागे 65 ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड आणि 2.3 ग्रॅम मिथेन आहे. उष्णकटिबंधीय जंगलासाठी हेच आकडे 104 आणि 6.8 होतात. पीएम 2.5 साठी आंद्रे आणि मेर्ले यांच्या 2001 च्या संकलनात सवानाला 5.4 आणि उष्णकटिबंधीय जंगलाला 9.1 ग्रॅम दिलेत. आपली पाचोळ्याची आग या दोन्हींच्या मधली आहे. दुपारी वाऱ्यावर ती गवतासारखी ज्वाळेने पळते आणि रात्री ओंडक्यांत, मुळांत धुमसत बसते. म्हणून मी दोन्ही गुणांक लावून पल्ला देतो. आपल्या 480 टनांसाठी कार्बन मोनॉक्साइड 31 ते 50 टन, मिथेन 1.1 ते 3.3 टन आणि पीएम 2.5 साधारण 2.6 ते 4.4 टन. सड्यावरच्या गवताला मात्र थेट सवानाचाच गुणांक लावा.

याच संदर्भात एक गोष्ट बहुतेक अहवालांत राहून जाते. पाचोळ्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड हवामानाच्या हिशोबात निव्वळ भर म्हणून धरू नका. तो पाचोळा जळला नसता तर जून-जुलैत कुजून त्यातला बराचसा कार्बन हवेत गेलाच असता आणि पुढच्या वर्षी नव्या पानांनी तो परत घेतला असता. खरी भर पडते ती मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडची. आयपीसीसीच्या तक्त्यातल्या गुणांकांनी येणाऱ्या 3.3 टन मिथेनला 27 ने आणि सुमारे 0.1 टन नायट्रस ऑक्साइडला 273 ने गुणलं (हे वायू कार्बन डायऑक्साइडच्या किती पट उष्णता धरतात ते हे आकडे सांगतात), तर कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत साधारण 115 टन होतात. 760 टन हा आकडा द्या, पण 115 टनांपासून वेगळ्या रकान्यात. मेलेल्या झाडांचं लाकूड पुढची काही वर्षं कुजत राहतं, त्याचं तिसरं खातं असतं. त्यासाठी जळालेल्या पट्ट्यातली झाडं खुणा करून पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा पाहावी लागतात.

तयार जागतिक आकडे घ्यावेत का, असंही तुम्ही ओझरतं विचारलंत. जीएफईडी या आगीच्या उत्सर्जनाच्या जागतिक नोंदसंचाचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे आपल्याकडे साडेसातशे चौरस किलोमीटरच्या आसपास असतो. 3,702 चौरस किलोमीटरचा अख्खा गोवा अशा पाच चौकोनांत मावतो. देशाच्या पातळीवर ते उपयोगी आहे, एका तालुक्यासाठी नाही. आगीच्या उष्णता-शक्तीवरून जळण काढायची वेगळी वाट आहे, दर मेगाजूलमागे 0.368 किलो. ती तुमच्या अंदाजाची खालची बाजू तपासायला वापरा. दाट पानांमुळे आणि दिवसातल्या मोजक्या फेऱ्यांमुळे आपल्याकडे ती बहुधा कमीच दाखवते.

वाळपईच्या धुराबद्दल: उत्सर्जन म्हणजे हवेतलं प्रमाण नव्हे. 4.4 टन कण दहा किलोमीटर लांब-रुंद आणि एक किलोमीटर उंच हवेत एकाच वेळी मिसळले असं धरलं तर घनमीटरमागे 44 मायक्रोग्रॅम येतात. रात्री हवेचा मिसळणारा थर 200 मीटरवर बसला तर तेच कण 220 होतात. आपलं 24 तासांचं राष्ट्रीय मानक 60 आहे. प्रत्यक्षात सगळे कण एकदम सुटत नाहीत आणि वारा ते वाहूनही नेतो. पण थराची उंची बदलली की तोच धूर किती वेगळा भासतो, हे यातून कळतं. त्यात मार्चमध्ये दुपारी समुद्रावरचा वारा धूर घाटाकडे ढकलतो आणि रात्री-पहाटे डोंगरावरून उतरणारी गार हवा तो पुन्हा खोऱ्यात, म्हणजे साट्रे, सुर्ला भागाकडून वाळपईकडे, आणते. आणि रात्रीची आग ही धुमसणारी, म्हणजे किलोमागे जास्त कण सोडणारी. त्यामुळे दिवसाची एकच बेरीज देऊ नका. ठिपक्यांच्या वेळांवरून आणि वनरक्षकांच्या नोंदींवरून उत्सर्जन तासांत वाटून घ्या. दिवसाच्या तासांना सवानाचा गुणांक लावा आणि रात्रीच्या तासांना उष्णकटिबंधीय जंगलाचा. मग हायस्प्लिटसारखं वाऱ्याच्या मार्गाचं मॉडेल त्या तक्त्यावर चालवा. चौकोनांची वजनं हातात आली की तक्ता पाठवा, जळालेल्या वाट्याचे आकडे आपण एकत्र बसून तपासू.